डचेसची संमती

पेल्टन गावात मार्चमधल्या गावसभेचा एक ठरलेला विनोद होता. वर्षभरात ज्याचं लग्न झालं असेल त्याला डुकरांचा कारभारी नेमायचं. नवरदेवाने लाजायचं, लोकांनी टाळ्या पिटायच्या, मग सगळ्यांनी समोरच्या खाणावळीत जाऊन त्याच्या खर्चाने सफरचंदाची दारू प्यायची, आणि डुकरांनी पूर्वीसारखंच मोकाट हिंडायचं. कारभाऱ्याने काही करावं अशी कोणाचीच अपेक्षा नसे, डुकरांची तर नाहीच नाही.

सतराशे अठ्ठ्याऐंशी साली ही पाळी जोथम टार्बेलवर आली. जोथम त्रेपन्न वर्षांचा होता आणि बूट शिवायचा. तो लग्न करील असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण आदल्या शरदात शेजारच्या गावची हल्डा नावाची विधवा एक पलंग, एक चरखा आणि एक डुकरीण घेऊन त्याच्या घरी आली, आणि गावाला हसायला विषय मिळाला.

सभेच्या खुर्चीत कर्नल वॉडली होता. पेल्टनमध्ये सभापती तोच, पंचांचा म्होरक्या तोच आणि न्यायदानाला बसणारा मॅजिस्ट्रेटही तोच. इंग्रज राजाविरुद्धच्या युद्धात तो नक्की कुठे लढला यावर मतभेद होते, पण कर्नल म्हटलं की तो खूश असायचा.

"जोथम टार्बेल, डुकरांचा कारभारी. सर्वांनुमते," कर्नल म्हणाला. "चला, घसा कोरडा पडलाय."

जोथम उभाच राहिला. "शपथ राहिली, कर्नलसाहेब."

"कसली शपथ?"

"कायद्यात शपथ लिहिली आहे. शपथेशिवाय अधिकार चालवला तर ती दांडगाई होईल."

लोकांना वाटलं, हा आपल्यापेक्षा मोठा थट्टेखोर निघाला. कर्नलने हसू दाबत शपथ दिली. जोथमने हात वर करून, एकेक शब्द सावकाश उच्चारत ती घेतली. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे पुष्कळांच्या उशिरा लक्षात आलं.

त्यामागे एक पुस्तक होतं. जोथम लहानपणी ज्या उस्तादाकडे बूट शिवायला शिकला, त्याच्याकडे ते कुठूनसं आलं होतं. उस्तादाला वाचता येत नव्हतं, पण चामडं ओळखता येत होतं. त्याने पुस्तकाची चामडी बांधणी सोलून एका गिऱ्हाइकाच्या बुटाला आतून लावली, आणि पहिल्या काही पानांनी शेगडी पेटवली. त्यामुळे ते कोणा इंग्रज तत्त्वज्ञाने लिहिलं हे जोथमला कधीच कळलं नाही. लेखकाचं नाव गावातल्या कोणाच्या तरी टाचेखाली झिजून गेलं. पण उरलेली पानं जोथमने तीस वर्षं मांडीवर दगड ठेवून, त्यावर बुटांचे तळ ठोकता ठोकता वाचली. माणसं जन्मतः मोकळी असतात. राज्य ज्यांच्यावर चालतं, त्यांच्याच संमतीने ते चालतं. आणि आपल्याच भांडणात आपण न्यायाधीश होऊन बसू नये. एवढं त्याला आपल्या हातातल्या आरीइतकं ओळखीचं झालं होतं.

त्या हिवाळ्यात खाणावळीत नव्या संघराज्याच्या घटनेवर रोज वादावादी चाललेली असे. कायदे करणारे, ते चालवणारे आणि न्याय देणारे वेगवेगळे ठेवा, असं जोथम प्रत्येकाला सांगायचा. लोक म्हणायचे, "तू आधी माझे दोन्ही बूट सारखे कर." आता त्याच्या हाती राज्याचा एक तुकडा आला होता. तुकडा डुकरांचा होता, पण जोथमच्या मते तत्त्वाला वास येत नाही.

नियम जुना होता. दाराबाहेर मोकाट सोडलेल्या प्रत्येक डुकराच्या नाकात लोखंडी कडी हवी, म्हणजे ते जमीन उकरत नाही, आणि मानेत लाकडी लोढणं हवं, म्हणजे ते कुंपणातून घुसत नाही. नसेल तर कोंडवाडा आणि तीन शिलिंग दंड. जोथमने घरोघर जाऊन दहा दिवसांची सूचना दिली. अकराव्या दिवशी चामड्याचा पट्टा घेऊन तो बाहेर पडला आणि संध्याकाळपर्यंत कोंडवाड्यात नऊ डुकरं होती. त्यातली दोन कर्नलची.

"अरे, विनोदालाही काही मर्यादा असते," कर्नल म्हणाला.

"म्हणूनच मी करत नाही," जोथम म्हणाला आणि पावती दिली.

कर्नलने दंड भरला आणि तो वाट बघत बसला. त्याला माहीत होतं की गावात एक डुकरीण अजून बिनकडीची आहे.

ती हल्डाची. तिचं नाव डचेस. जोथमने एकदा सुचवलं होतं की प्रजासत्ताकात हे नाव बरं दिसत नाही. हल्डा म्हणाली, "राजा घालवलात, सरदार घालवलेत. एक तरी बाई मानाने राहू दे." डचेस तिच्या हातचं खायची, तिच्या मागे मागे विहिरीपर्यंत जायची, एकटी सहसा बाहेर पडत नसे, आणि लवकरच तिला पिल्लं होणार होती.

"अगं, कडी घालायला हवी," जोथम रोज म्हणायचा.

"कोणी ठरवलं?"

"गावाने. सभेत."

"मी होते सभेत?"

"तू कशी असशील? बायकांना मत नसतं."

"मग मी कशाला घालू?"

चूक जोथमचीच होती. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी, मक्याची भाकरी आणि घेवड्याचं कालवण उरकलं की, तो तिला ते पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचा. तिने नुसतं ऐकावं आणि मोजे विणावेत, इतकीच त्याची कल्पना होती. हल्डाने मोजेही विणले आणि ऐकलंही.

"यात लिहिलंय ना, संमती नसेल तर तो कायदा आपला नाही?" तिने विचारलं.

जोथम पानं उलटू लागला. "पुढे लिहिलंय. जो राजाच्या रस्त्यावरून नुसता चालतो, त्यानेसुद्धा गपचूप संमती दिली असंच धरायचं."

"असं का? डचेस रोज त्या रस्त्यावरून चालते. म्हणजे तिनेही संमती दिली? मग तिलाच विचारा, ती कडी का घालत नाही."

जोथमने पुस्तक मिटलं. तीस वर्षांत त्या पानाला असं कोणी अडवलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी, एका मंगळवारी, कर्नल दोन साक्षीदार घेऊन त्याच्या दुकानात आला. चेहऱ्यावर सणासुदीचा उत्साह होता.

"कारभारी, एक मोकाट डुक्कर आहे. माझ्या वाटाण्याच्या वाफ्यात बसलंय. नाकात कडी नाही, मानेत लोढणं नाही. चारचौघांसारखं ओशाळत पण नाही."

"कोणाचं?" जोथमने विचारलं, पण आरी त्याने आधीच खाली ठेवली होती.

"तुझ्या बायकोचं असतं तर मी सोडलं असतं. पण इंग्रजी कायदा काय म्हणतो? लग्न झालं की नवरा-बायको मिळून एक माणूस, आणि तो माणूस नवरा. तिचा पलंग तुझा, चरखा तुझा, डुकरीण तुझी. तेव्हा पकड स्वतःला."

साक्षीदार खिदळले. जोथम उठला, पट्टा घेतला, आणि भरदिवसा, सगळं गाव दारात उभं असताना, आपल्या बायकोच्या डुकरिणीला कोंडवाड्यात घेऊन गेला. ती शांतपणे चालली. तिला वाटलं, विहिरीवर चाललोय.

हल्डा कोंडवाड्याच्या फाटकाशी उभी होती. ती ओरडली नाही. हातातलं कणसांचं टोपलं तिने कुंपणावरून आत रिकामं केलं.

"ऐका," ती म्हणाली. "पहिला नवरा होता तेव्हा माझं सगळं त्याचं होतं. तो गेला आणि सात वर्षं माझं माझं होतं. तुम्ही ते पुस्तक वाचता म्हणून मी तुमच्याशी लग्न केलं. वाटलं, हा माणूस विचारील. शनिवारी माझा भाऊ गाडी घेऊन येणार आहे. हे असंच राहिलं तर मी त्याच्या गाडीत बसून जाईन. पलंग ठेवा. तो तुमचाच आहे ना."

एवढं बोलून ती गेली. जोथमला त्या दिवशी एकही टाका सरळ घालता आला नाही. कोंडवाडा उघडला तर शपथ मोडत होती. न उघडला तर घर मोडत होतं. आणि जे त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे, की तिची बाजू त्याच्याच पुस्तकातली होती.

दुसऱ्या दिवशी तो कर्नलकडे गेला.

"या प्रकरणाचा न्याय कोण करणार?"

"मीच. दुसरा मॅजिस्ट्रेट आहे कुठे?"

"वाटाणे तुमचे."

"मग तू कर."

"फिर्याद मांडणारा कारभारी मी, आणि आरोपीही मीच. तुम्ही कालच मला मालक ठरवलंत."

कर्नलने पाइप बाजूला ठेवला. त्याला या खेळाची गोडी लागली होती. "मग राहिलं कोण?"

"गाव. दहा जणांच्या सह्या आणल्या तर तुम्हाला सभा बोलवावी लागते."

दहा सह्या अर्ध्या तासात झाल्या. पेल्टनमध्ये नाटक-तमाशा नव्हता, आणि पेरणीच्या दिवसांत अशी करमणूक कोण सोडणार? शुक्रवारी सभाघरातले बसायचे लाकडी कप्पे भरून गेले. बायकांना मत नव्हतं, पण वरच्या सज्जात बसून बघायला मनाई नव्हती. सज्जाही भरला. हल्डा मधोमध बसली होती, विणकाम घेऊन.

जोथमचं भाषण छोटं होतं. "डचेसला सोडा असं मी म्हणत नाही. नियम आहे, ती आत राहील. मी एवढंच म्हणतो, यापुढे डुकरांच्या बाबतीत, जो कोणी डुकराला खायला घालतो, मग तो पुरुष असो की बाई, त्याचं मत घ्यावं. ज्याच्यावर नियम चालतो त्याला विचारावं."

"कायद्याने डुक्कर नवऱ्याचं असतं," कर्नल खुर्चीतून म्हणाला.

"तो कायदा राजाचा. त्याने कर लावलेला चहा आपण परत केला, त्याचे मुद्रांकाचे कागद परत केले. हा घाईत राहून गेला असावा."

हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "उद्या गाईंवरही मत मागतील."

"मागू दे की," दुसरा म्हणाला. "जोथमची बायको आणि दोन विधवा. तीन मतांनी काय आकाश कोसळतंय? घ्या मत, मजा येईल."

ज्या खोडसाळपणाने त्यांनी जोथमला कारभारी केलं होतं, त्याच खोडसाळपणाने हात वर झाले. कर्नलने मोजले, ठराव मंजूर केला आणि लेखनिकाला लिहायला सांगितलं. मग बोटं एकमेकांत गुंतवून, आता गंमत बघा अशा आवाजात म्हणाला, "तर मग कडी आणि लोढण्याचा जुना नियम नव्याने मताला टाकतो. सज्जातल्या ज्या बाया डुकरांना खायला घालतात, त्यांनी उभं राहावं."

हल्डा उभी राहिली. तिच्यामागे दोन्ही विधवा. मग खाणावळवाल्याची बायको. मग लोहाराची आई आणि तिच्या दोन सुना. बाकं करकरत गेली आणि थोड्या वेळाने सज्जात बसलेलं कोणीच उरलं नाही. कर्नलची बायको सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात ताठ उभी होती.

पेल्टनमधल्या एकाही पुरुषाने आजवर आपल्या डुकराला खायला घातलं नव्हतं, ही गोष्ट खाली बसलेल्या सगळ्यांना एकाच वेळी आठवत होती.

"साहेब," लेखनिक हळूच म्हणाला, "ठरावाप्रमाणे बघितलं तर खालच्या कोणालाच मत नाही."

"मला दिसतंय," कर्नल म्हणाला.

"आधी मला बोलायचंय," हल्डा वरून म्हणाली. "लोढणं नको. त्याने मान सोलते, जखमेत अळ्या पडतात, आणि डुक्कर खाणं सोडतं. ते धुवायला आम्हीच असतो, म्हणून तुम्हाला माहीत नाही. कुंपणं नीट बांधा, ते तुमचं काम. लोढणं काढा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सज्जातला एकूण एक हात वर गेला. कर्नलच्या बायकोने दोन्ही केले, मग एक खाली घेतला.

"आणि कडी?" कर्नलने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

सगळ्यांच्या माना हल्डाकडे वळल्या. जोथम तिच्याकडे बघत नव्हता. तो आपल्या बुटांकडे बघत होता. तिने कडीचा नियम मोडीत काढला तरी ते न्याय्यच, असं त्याला वाटत होतं. मग डचेस सुटली असती, बायको राहिली असती, आणि गावातल्या सगळ्या वाफ्यांचं वाटोळं झालं असतं. त्याने मनाची तयारी केली होती.

हल्डाने विणकामाची सुई लोकरीत खोचली. "कडी राहू दे. वाटाणे मीही लावते," ती म्हणाली आणि हात वर केला.

शनिवारी सकाळी जोथमने स्वतःच्या खिशातून स्वतःकडे तीन शिलिंग दंड भरला, स्वतःला पावती दिली आणि कोंडवाड्याचं फाटक उघडलं. लोहाराने कडी पाठवली होती. हल्डाने डचेसचे दोन्ही कान धरले आणि तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिली. जोथमने कडी घातली. डचेस एकदाच, पण गावभर ऐकू जाईल अशी किंचाळली आणि लगेच टोपल्यात तोंड घालून खाऊ लागली.

रस्त्यावर हल्डाचा भाऊ गाडीत लगाम धरून बसला होता. "येतेस ना?" त्याने विचारलं. "तू निरोप पाठवलास म्हणून मी गाडीतली पोती उतरवून आलोय."

"नाही येत."

"का? काय बदललं? कडी तर घातलीच की त्याने."

"विचारून घातली," हल्डा म्हणाली. मग जोथमकडे वळली. "याला एक बुटांचा जोड शिवून द्या. उगीच हेलपाटा झाला त्याला."

जोथमने मान हलवली, आणि धीर करून म्हणाला, "पुढच्या मार्चमध्ये कारभारी पुन्हा नेमायचा आहे. डुकरांची बाब आहे, म्हणजे आता तुम्ही बायकाच नेमणार."

"हो."

"तू मला मत देशील?"

हल्डाने डचेसच्या पाठीवर थाप मारली आणि तिला घराच्या दिशेने वळवलं. "तुम्ही काम कसं करता ते बघू," ती म्हणाली. "वर्ष आहे अजून."

जोथम तिच्या मागून चालू लागला. आपल्याला नक्की बरं वाटतंय की धास्ती, हे त्याला ठरवता येईना, पण पावलं भराभर पडत होती.