बापूकाकांना वाचून दाखवलेला रस्ता

हैदराबादहून निघालेली बस उमरग्याच्या स्टँडमध्ये शिरली तेव्हा बापूकाका मला लगेच दिसले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि फोटोत असतो तसाच गंभीर चेहरा. मी खिडकीतून हात हलवला. ते माझ्याच दिशेनं बघत होते, पण चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. खाली उतरून पुन्हा हात केला, तर ते सरळ माझ्या शेजारून पुढे गेले आणि दुसऱ्याच एका मुलीला "मनू का गं?" म्हणून विचारायला लागले. ती बिचारी घाबरली. मग मी मागून जोरात "बापूकाका!" अशी हाक मारली.

ते वळले आणि सगळा चेहरा हसला. "अगं, आवाज तर तोच हाय की! लई उंच झालीस, वळखूच आली न्हाईस."

मला ते पटलं. मागच्या वेळी आम्ही भेटलो तेव्हा मी शाळेत होते आणि दोन वेण्या घालत होते.

मी मस्कतला वाढले, तिथंच कॉलेजात कॉमर्स शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठंतरी समाजसेवा करून यायची, असा आमच्या कॉलेजचा नियम आहे. मैत्रिणी कुठल्या कुठल्या देशांत गेल्या. बाबा मला म्हणाले, "तू लोहाऱ्याला जा. सेवाही होईल आणि काकांकडं राहणंही होईल." भारत माझा देश असला तरी लोहारा मला परदेशाइतकाच नवा होता, त्यामुळं मी हो म्हटलं. निघताना मस्कतमधल्या मराठी मंडळींनी सगळं लिहून काढायला बजावलं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लोहारा ते उमरगा या रस्त्यावर त्यांची काळी-पिवळी चालते (म्हणजे सीटवर चालणारी जीप, भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि भरली हे ठरवणं ड्रायव्हरच्या हातात असतं). माझं काम होतं उमरग्याला, एका संस्थेच्या नेत्रतपासणी शिबिरात. सकाळी काकांच्या जीपनं जायचं आणि संध्याकाळी त्यांच्याच जीपनं परत यायचं. काकू डब्यात धपाटे आणि दही द्यायची. घरी आल्यावर हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ पेय) पुढं ठेवायची. बाहेर अंग भाजणारी गरमी आणि हातात गरम माडगं. पहिल्या दिवशी मी तोंड वाकडं केलं. आठवड्यानं मीच दुसरी वाटी मागायला लागले.

मस्कतच्या उन्हाचा मला मोठा अभिमान होता. पण तिथं आपण एका गार खोलीतून दुसऱ्या गार खोलीत जातो, ऊन मधल्या मध्ये राहतं. इथं ते जीपमध्ये आपल्या शेजारी बसून येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, बांधावर कडुनिंब, मध्येच भूकंपानंतर वसवलेलं एखादं गाव, त्यात सरळ ओळीत उभी घरं. हैदराबाद रस्त्याला लागलं की ट्रकांची रांग सुरू. हे सगळं मी इतकं बारकाईनं पाहिलं, त्याला कारण बापूकाका.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. तिथं शांतव्वा नावाच्या एक आजीबाई बसायच्या. त्यांच्या गुडघ्याला उमरग्यात शेक मिळायचा, त्यामुळं त्या रोजच्या गिऱ्हाईक. मी संकोचले, तर त्याच मागं सरकल्या. "बा यव्वा, कुंदर (ये बाई, बैस). तुझी जागा हाय ती," म्हणाल्या.

गाडी सुरू करता करता काका म्हणाले, "तुझं मराठी पक्कं व्हायला पायजे. जी पाटी येईल ती मोठ्यानं वाचायची. आन् म्होरं काय काय दिसतंय ते सांगत राहायचं. प्रवासवर्णन लिहिणार हायस म्हणं!"

मला हे फार आवडलं. मस्कतमध्ये माझ्या मराठीची एवढी काळजी कुणी घेतली नव्हती. मी घसा साफ करून सुरू झाले. "पंक्चर काढून मिळेल. लोहारा खुर्द. वळण आहे, वाहने सावकाश हाका. समोर एक म्हैस, रस्त्याच्या मधोमध. डावीकडून मोटरसायकल, तिच्यावर तिघं."

"तिघं का? झकास!" म्हणत काका गिअर बदलायचे.

काकांची जीप त्या रस्त्यावर सगळ्यांत हळू चालायची. बाकीच्या जीपा भुर्रकन पुढं जायच्या, आणि तरी बायका, म्हातारी माणसं, बाळंतीण लेकी आमचीच गाडी धरायच्या. बापूची गाडी म्हणजे पोटातलं पाणी हलत नाही, अशी तिची ख्याती. प्रवासी चढला की काका मागं न बघता नाव घ्यायचे. "या गुरुजी. मावशी, लेक बरी हाय का?" नुसत्या खोकल्यावरून त्यांनी एकाला ओळखलं, तेव्हा तर मी टाळ्याच वाजवल्या.

शिबिरात माझं काम सोपं होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, हातात छडी. समोरच्या माणसाचा एक डोळा झाकायचा, छडी अक्षरावर ठेवायची, वाचता आलं की 'ठीक' आणि नाही आलं की मॅडमच्या टेबलाकडं पाठवायचं. डोळ्यांच्या मॅडम पलीकडं भिंगं लावून बसलेल्या असत. ट्रकवाले यायचे, शेळ्या-मेंढ्या राखणारे यायचे. एक मेंढपाळ मला म्हणाला, "अक्षर न्हाय दिसत बाई, पर माझी कुठली मेंढी लंगडती ते हितनं सांगतो."

परतताना काका चौकशी करायचे. "मग आज काय वाचायला लावलंस? तो तक्ता पाठ झाला आसंल तुला. म्हण बघू." मी म्हणून दाखवायची. वरचं मोठं 'क', मग 'न ल', मग 'र प म', शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. काका माझ्यामागून म्हणायचे. मागून शांतव्वाही म्हणायच्या. आमची जीप शाळेसारखी गजबजायची आणि मला वाटायचं, सुट्टी अशी असावी.

एक दिवस संस्थेनं स्टँडवरच्या सगळ्या जीपवाल्यांना तपासणीला बोलावलं. काका आधी दोनदा काहीबाही सांगून सटकले होते. "माझं डोळं घारीचं हायत, मला कशाला?" पण त्या दिवशी सगळेच निघाले, मग त्यांनाही यावं लागलं. ते रुबाबात येऊन माझ्यासमोर बसले. मी डोळा झाकला, छडी पहिल्या अक्षरावर ठेवली.

"क," काका म्हणाले. मी छडी खाली नेली. "न. ल. र. प. म." एकही अडखळ नाही. थेट शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी खणखणीत वाचलं. मागचे जीपवाले "वा रं बापू!" म्हणून ओरडले.

इतका वेळ मी कौतुकानं काकांकडंच बघत होते, आता तक्त्याकडं पाहिलं. सकाळीच मॅडमनी तो उलटा करून दुसरी बाजू लावली होती. सगळ्यांत वर, हाताएवढं मोठं, 'ग' होतं.

मला उमरग्याच्या स्टँडवर शेजारून निघून गेलेले काका आठवले. पाट्या आठवल्या, म्हैस आठवली, मोटरसायकलवरचे तिघं आठवले. मी मराठी शिकत नव्हते. मी त्यांना रस्ता दाखवत होते, आणि मागं रोज दहाबारा माणसं बसलेली असायची.

'ठीक' लिहिणं एका शब्दाचं काम होतं. मॅडमचं लक्ष नव्हतं, काकांची मान ताठ होती आणि सगळा स्टँड बघत होता. मी वाकून त्यांच्या कानात म्हणाले, "काका, तो कालचा तक्ता होता."

काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि बाहेर चालू लागले. उंबरा त्यांनी पायानं चाचपून ओलांडला. हे मी कधी पाहिलंच कसं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

जीप कडुनिंबाखाली उभी होती. मागच्या सीटवर शांतव्वा पदर तोंडावर घेऊन पडल्या होत्या. काका आपल्या जागेवर बसले, मी माझ्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन सुगी झाल्या. समदं दिसतं, पर धुरातनं दिसल्यावानी."

"गाडीत माणसं असतात काका!"

"म्हणून तर हळू चालवतो."

"आणि मला वाटत होतं, तुम्ही मला मराठी शिकवताय." हे बोलताना माझा आवाज फुटला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीतीपेक्षा याचंच जास्त लागलं होतं.

काका स्टिअरिंगवर हात फिरवत राहिले. "तू आलीस आन् रस्ता दिसाया लागला बघ," ते हळूच म्हणाले. "डागदरकडं गेलो की म्हणणार गाडी बंद कर. एकदा का बापूला दिसत न्हाय म्हणून बोभाटा झाला, की माझ्या गाडीत कोण बसंल? मग म्या घरात बसून काय करू, भिंती बघू?"

तेवढ्यात मागून पदर हलला. "बोभाटा कशाचा रं?" शांतव्वा उठून बसल्या. "आमाला ठावं हाय समदं. म्या म्होरं बसून 'बैल आला, ट्रक आला' म्हणून बडबडायची, ती काय येड लागलं व्हतं म्हणून? ही पोर आली, तिचं डोळं चांगलं, म्हणून जागा दिली तिला."

काका मागं वळले. "मावशी, तुमाला ठावं व्हतं?"

"समद्या बायांना ठावं हाय. तुझं मन दुखंल म्हणून कुणी बोललं न्हाय. तुझी गाडी सोडून आमी जायचं कुठं?"

मला रागही आला आणि हसूही. सगळी जीप आपला जीव मुठीत धरून एका माणसाचं मन सांभाळत होती. "आजी, एखाद दिवशी तुम्ही सगळेच गेला असता की!" मी म्हणाले.

"व्हय गं," शांतव्वा शांतपणे म्हणाल्या. "म्हणून आता तू आलीस तर ने त्याला आत. आमचं ऐकत न्हाय, भावाच्या लेकीचं ऐकंल."

 काकांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "चल. पर हात धर. त्यो उंबरा लई वंगाळ हाय."

मॅडमनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत पिकत आलेला मोतीबिंदू. त्या काकांना रागावल्या, मग म्हणाल्या, "ऑपरेशननंतर छान दिसेल. पण दोन्ही डोळे होऊन मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही." त्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. काका काळा चष्मा लावून अंगणात बसू लागले. काकू त्यांना सिनेमातला व्हिलन म्हणायची. मला वाटलं होतं, स्टँडवर त्यांची जागा जाईल. पण जीपवाल्यांनी त्यांचा रांगेतला नंबर तसाच ठेवला आणि त्यांच्यातलाच एकजण काकांची गाडी चालवायला लागला. तो जोरात चालवतो अशी बायकांची तक्रार होती. ती ऐकून काका खूश व्हायचे.

माझ्या निघण्याच्या दिवशी आम्ही सगळे त्याच जीपनं उमरग्याला गेलो. त्या वेळी खिडकीशी काका होते आणि मी मध्ये.

"पंक्चर काढून मिळेल," काकांनी सुरुवात केली. "लोहारा खुर्द. वळण आहे, वाहने सावकाश हाका. ए, वाच की, सावकाश हाका!" ते ड्रायव्हरवर खेकसले. एकही पाटी त्यांनी सोडली नाही. शिबिराची, बियाण्यांची, लग्नाच्या हॉलची. मागून शांतव्वा म्हणाल्या, "आता हा गप बसतोय व्हय!" एका जागी काका थांबले आणि माझ्याकडं निरखून बघत राहिले. "आगं, तुझ्या हनुवटीला तीळ हाय की. इतकं दिवस घरात ठेवली पोरगी, आन् बघतोय आज."

बस हलली तेव्हा स्टँडवर गर्दी होती. माझी जागा पलीकडच्या बाजूला, दोन माणसांच्या आड होती. मी हातही केला नव्हता. तरी काकांनी चष्मा वर केला, एकेक खिडकी शोधत माझ्यापर्यंत आले आणि आधी हात हलवला तो त्यांनीच. उमरगा मागं पडला तरी मी रडत होते.

मस्कतला विमानतळावर बाबा घ्यायला आले होते. गाडीत बसल्यावर मी सवयीनं समोरच्या पाट्या मोठ्यानं वाचू लागले. बाबा हसायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बापूनं लावली ना ही सवय? लहानपणी बाजाराला जाताना मला तो एसटीत खिडकीशी बसवायचा आणि सगळ्या पाट्या वाचायला लावायचा. स्वतः उभा राहायचा. शाळेत जायच्या आधी मला वाचता यायला लागलं, ते त्याच्यामुळं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कडुनिंबाखालच्या जीपमध्ये 'तुम्ही मला मराठी शिकवताय' म्हणताना फुटलेला माझा आवाज मला आठवला.

"थांबलीस का?" बाबा म्हणाले. "वाच ना."

मी पुढची पाटी वाचली.