सीटखालची लाल खूण

चाळिशीतल्या बाईने सोनं घ्यावं, फार तर एअर फ्रायर घ्यावा. मी रोड बाइक घेतली. दुकानातल्या माणसाने ती एका हाताने उचलून दाखवली आणि मी तिथेच कामातून गेले. अंगठ्याएवढे टायर, खाली वळलेलं हँडल, आणि काळ्या रंगाच्या आत कुठेतरी लपलेला निळा. ऊन पडलं की तो दिसायचा, सावलीत गुडूप व्हायचा.

करावे गावातल्या आमच्या घरी ती आली तेव्हा सासऱ्यांनी, घरातल्या सगळ्यांच्या बाबांनी, तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हिला कॅरिअर नाय, स्टँड नाय, मडगार्ड नाय. मंग हाय काय?"

"हलकी आहे, बाबा."

ते मान हलवून आत गेले. त्या दिवसांत ते एवढं बोलले हेच खूप होतं. दोन वर्षांपूर्वी खाडीत, होडीतच त्यांना चक्कर आली होती. शेजारच्या होडीवाल्यांनी त्यांना किनाऱ्याला आणलं. माझ्या नवऱ्याने आठवड्याच्या आत होडी विकून टाकली आणि जेट्टीवर पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद दिली. नवरा घाबरला होता, त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. पण आयुष्यभर पाण्यावर असलेला माणूस तेव्हापासून खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

मी मात्र हवेत होते. पहाटे पाम बीच रोडला लागलं की एका बाजूला उंच इमारती झोपलेल्या आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी, धुक्यात अर्धी बुडालेली. चाकांचा बारीक सूं आवाज, बाकी काही नाही. आपण सायकल चालवतोय की कुणी आपल्याला अलगद पुढे नेतंय तेच कळायचं नाही. बेलापूरच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर सुटे भाग बघत बसायचे. सगळ्यात आधी मीटर घेतला, चाक फिरलं की आपोआप जागा होणारा आणि प्रत्येक फेरीचं अंतर, वेळ नोंदवून ठेवणारा. मग कार्बनची चाकं मनात भरली. त्यांचे फोटो मी इतक्या वेळा पाहिले की नवऱ्याला वाटलं, घर बघतेय.

सीटची उंची जुळवायला मला महिना लागला होता. जमली तेव्हा सीटखालच्या दांड्यावर मी पांढरी चिकटपट्टी गुंडाळून खूण केली. एके दिवशी पहाटे बसले तर गुडघे पोटाशी. सीट दोन बोटं खाली होती. नट ढिला झाला असेल म्हणून वर करून घट्ट पिळली. आठवड्याने पुन्हा तेच. तेव्हा मीटर पाहिला. त्यात मी न चालवलेल्या फेऱ्या होत्या, प्रत्येक साधारण तीन किलोमीटरची, सगळ्या मी ऑफिसात असतानाच्या.

पहिल्यांदा नवऱ्याचा संशय आला. पण तो माझ्याहून वीतभर उंच, तो सीट खाली कशाला करेल? मग वेळा वाचल्या. सोमवारी साडेनऊ. मंगळवारी सव्वादहा. बुधवारी अकराला पाच कमी. रोज पाऊण तास उशिरा.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन आले तेव्हा मी बाबांना भाबडेपणाने विचारलं होतं, इथे भरती किती वाजता असते? ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. "पान्याला काय हापिस हाय, रोज त्याच टायमाला याला?" मग समजावलं होतं, भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊणेक तास पुढे सरकते.

जिन्याखाली सायकलजवळ मी मीटर हातात धरून उभी राहिले. बाबा ओहोटीला जात होते. पाणी उतरायला लागलं की जाळं घेऊन निघायची त्यांची वेळ, तीच. मला आनंद झाला. पण ते वाटेत पडले तर? आणि मला माहीत असून मी गप्प होते हे नवऱ्याला कळलं तर?

मी गप्पच राहिले. कार्बनची चाकं मात्र राहून गेली. त्याऐवजी फ्रेममध्ये बसतील तितके रुंद टायर घातले. चिखलावर घसरू नयेत म्हणून. ब्रेक बदलले, बोट लावलं तरी थांबतील असे. सीट जाड घेतली. रविवारी बरोबर येणाऱ्या मैत्रिणी म्हणाल्या, अगं, लोक सायकल हलकी करतात, तू म्हैस करतेयस. मी हसले.

बाबांनीही काही विचारलं नाही. फक्त चेन एकदम स्वच्छ दिसायला लागली, होडीच्या इंजिनाला लावतात तसल्या तेलाचा वास येणारी. आणि एके दिवशी माझ्या पांढऱ्या पट्टीखाली दोन बोटांवर जाळ्याच्या लाल दोऱ्याची गाठ दिसली. ही त्यांची खूण. त्यानंतर सीट नेहमी माझ्या पट्टीवर परत आलेली असायची.

एका रविवारी ओहोटीच्या वेळी मी चालत जेट्टीवर गेले. सायकल भिंतीला टेकवलेली होती आणि बाबा पाण्याकडे बघत उभे होते. काही करत नव्हते. चिखल हळूहळू उघडा पडत होता, त्यावर ऊन चमकत होतं. मला बघून ते दचकले नाहीत.

"टायर कोनासाठी रुंद केलंस?"

"माझेच घसरत होते."

"खोटा बोलतंस." ते सायकलकडे वळले. "हिला स्टँड बसव. भिंतीला टेकवाला वाकाला लागतं, मना जमत नाय."

रोड बाइकला स्टँड म्हणजे पैठणीवर स्वेटर. मी बसवला.

पुढे बाबांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी कारण विचारलं तर ते नवऱ्यासमोर सरळ म्हणाले, सायकलवर खाडीला जायचो. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. चार दिवस आमचा अबोला होता.

बाबांची सायकल बंद झाली. आता पहाटे मी जेट्टीवरून फिरून यायचे आणि खुर्चीतल्या बाबांना सांगायचे, पाणी कुठवर उतरलं, कुणाच्या होड्या बाहेर आहेत. ते डोळे मिटून ऐकायचे. पण ओहोटी दुपारची असली की मी ऑफिसात. त्या दिवशी त्यांना कुणी काही सांगणारं नसायचं, आणि संध्याकाळी ते पुन्हा पंख्याकडे बघत असायचे. मला फार वाईट वाटायचं.

अशाच एका दुपारच्या ओहोटीच्या दिवशी नवऱ्याची सुट्टी होती. संध्याकाळी घरी आले तर जिन्याखाली सायकल स्टँडवर उभी होती. सीट माझ्या पट्टीच्या चार बोटं वर होती. मीटरवर तीन किलोमीटर, वेळ दुपारची सव्वाएक.

आत नवरा टीव्ही बघत होता, माझ्याकडे न बघता. बाबा खुर्चीत होते, पण पंख्याकडे बघत नव्हते. त्यांनी खुर्चीशेजारी ठेवलेली लाल दोऱ्याची गुंडाळी काढून माझ्या हातात दिली.

"वरती पन एक बांध," ते म्हणाले.