उणे घातांकाचे रविवार

राजधानीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत कुमुदबाई सबनीसांनी उणे घातांकाचा धडा नेहमी एका तासात उरकला. दोनाचा घात तीन म्हणजे आठ, घात दोन म्हणजे चार, घात एक म्हणजे दोन, घात शून्य म्हणजे एक. दर पायरीला निम्मं. तसंच आणखी खाली उतरलं की अर्धा, पाव, एक अष्टमांश. "उणे घात म्हणजे ऋण संख्या नव्हे गं बायांनो, उणे म्हणजे छेदात जा," असं ठणकावून बाई घंटेच्या आत फळा पुसून मोकळ्या. निवृत्तीनंतर तोच धडा सरलाला शिकवताना मात्र दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि बाई अजून पायऱ्याच उतरत होत्या.

सरला म्हणजे कोपर्निकस मार्गावरच्या, मराठी पाहुण्यांच्या सरकारी सदनात नोकरीला असलेल्या दिनकरची बायको. लग्नापायी तिची दहावी राहिलेली. तिशी उलटल्यावर तिनं मुक्त विद्यालयाचं मनावर घेतलं, कारण दहावी झाली तर बालवाडीत नोकरी मिळणार होती. गणेशोत्सवात बाईंशी ओळख झाली आणि ती दर रविवारी दुपारी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "बाकी सगळं माझं मी करते, बाई. बस, हे उणे घात तेवढे समजवा. तिथेच गाडी अडते."

ते 'तेवढे' बाईंना चांगलंच झोंबलं.

यजमान श्रीरंगराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. बरोबरच्या शिक्षिका एकेक करून पुण्याला निघून गेल्या होत्या. शेजारच्या घरांची हॉटेलं झाली. समोरच्या खिडकीत रोज नवा चेहरा, आणि त्याला नमस्कार करावा तर तो दुसऱ्या दिवशी आग्र्याला गेलेला. खाली बोलायचं ते भाजीवाल्याशी, तेही हिंदीत. बाईंना घर खायला उठायचं. पण ते कुणाला सांगायचं म्हटलं की त्यांची जीभ रेटत नसे. जन्मभर हुकूम सोडलेले. कुणाची मनधरणी करायची सवयच नव्हती.

म्हणून त्यांनी सरलाला नियम सांगितलाच नाही. "आधी कारण, मग नियम," असं म्हणून त्या दर वेळी तिला आठापासून खाली उतरवायच्या, आणि नियमाची वेळ आली की चहा टाकायला उठायच्या. मग सदनातल्या गप्पा निघायच्या, आणि दुपार संपायची. सरला अडखळली की बाईंना हायसं वाटायचं, आणि त्याची लाजही वाटायची. शिऱ्याचा रवा मात्र त्या शनिवारीच भाजून ठेवायच्या.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सरला आली ती शालही न काढता दारातच उभी राहिली.

"बाई, मी परीक्षेला बसत नाही. काल घरी सोडवायला बसले, तर दोनाचा घात उणे तीन म्हणजे पुन्हा उणे आठच लिहिलं. हे म्हणाले, जाने दो, सगळ्यांना थोडंच जमतं? खरंच आहे. माझं डोकंच नाही."

डोकं होतं, चांगलं होतं. बाईंनीच ते इतके महिने अडवून धरलं होतं.

"बैस इथे," त्या म्हणाल्या. त्यांनी पाटी पुढे ओढून एक रेघ मारली. वर क्ष चा घात उणे दोन, गुणिले य चा घात तीन. खाली क्ष, गुणिले य चा घात उणे एक. "ऐक. उणे घाताचं पद रेघ ओलांडून पलीकडे ने. ओलांडलं की उण्याचं अधिक होतं. मग सारखी अक्षरं एकत्र कर."

सरलानं क्ष खाली नेला, य वर आणला. वर य चा चौथा घात राहिला, खाली क्ष चा तिसरा. तिनं दुसरं उदाहरण मागितलं, तेही सुटलं. मग दोनाचा घात उणे तीन घेतला आणि ठळक अक्षरात एक अष्टमांश लिहिलं.

"एवढंच?" ती हसली, आणि हसता हसता थांबली. "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

बाईंना 'आधी कारण' म्हणता आलं असतं. "सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस," त्या म्हणाल्या.

सरलानं पाटी बाजूला सारली. "मी घरी रडले, बाई. यांच्यासमोर." तिनं पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या. दारात वळून म्हणाली, "नुसतं 'ये' म्हणाला असतात, तरी आले असते की."

जिन्यावरची पावलं विरली तेव्हा बाई गॅलरीत धावल्या. सगळा वर्ग चिडीचूप करणारा तो आवाज; पण कठडा धरून त्यांना तो गोळा करावा लागला.

"सरला! ये गं! रविवारी नुसतीच ये!"

हातगाडीवाल्यानं वर पाहिलं, हॉटेलच्या पोऱ्यानं वर पाहिलं. गर्दीत सरलाचा हात वर झाला. तो बाईंसाठी होता की रिक्षा थांबवायला, ते वरून कळलं नाही.