विद्याताईचा वाफा

विद्याताईने माझ्याकडे शेवटचं काही मागितलं, ते मेथीची चार रोपं, मुळांसकट, तिच्या ओळखीच्या एका शेतातून. मी उत्साहाने गेलो, रोपं उपटली आणि आजारी माणसाच्या खोलीत चिखल कशाला, म्हणून मुळं नळाखाली लख्ख धुऊन बुसैतीनच्या इस्पितळात तिच्या उशाशी नेऊन ठेवली. ताईने एक रोप उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "श्रीकांतराव, मी गाव मागवलं होतं. तुम्ही घरं धुऊन नुसते रस्ते आणलेत." आणि खोकला येईपर्यंत हसली. पुढच्याच आठवड्यात सकाळी फोन आला...

ताई म्हणजे माझ्या बायकोची, मीनाची, थोरली बहीण. पुण्याहून बहरीनला आली ती मातीतल्या जिवाणूंवर काम करायला, आणि इथेच रमली. पिकांच्या मुळांवर राहून त्यांना पोसणारे, खारट पाण्यातही तग धरायला मदत करणारे जिवाणू ती शेताशेतांतून गोळा करायची. मी पडलो अकाउंटंट. माझे जिवाणू साबणाच्या जाहिरातीतले, मरायलाच जन्माला आलेले. एकदा अदलियातल्या एका हॉटेलात जेवताना ती सांगत होती, की दिसायला सगळे एकसारखे, पण जनुकं तपासली की या शेतातला वेगळा आणि कुंपणापलीकडचा वेगळा. मी शहाणपणा केला, की मग सगळ्यात जोरात वाढणारा तेवढा ठेवावा, बाकीच्यांची उस्तवार कशाला?

"आत्ता इथे सगळ्यात जोरात तुम्ही जेवताय," ताई म्हणाली. "म्हणून फक्त तुम्हालाच ठेवायचं का? एसी बंद पडला तर पहिले आडवे तुम्ही व्हाल."

मीना इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

तिच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांचं मत मात्र माझ्यासारखंच होतं. त्यांनी जिवाणूंचा एक जोरकस वाण निवडला. उरलेले ताईने घरामागच्या वाफ्यात आणून वसवले आणि त्यांच्यासाठी मेथी, लसूणघास पेरत राहिली. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फारच खारावलं. साहेबांच्या शेतातल्या पिकाच्या ओळी पिवळ्या पडल्या, ताईचा वाफा बराचसा हिरवा राहिला. साहेब स्वतः माती मागायला आले. मी दारातच उभा होतो, आता ताई यांना काय ऐकवते म्हणून कान टवकारून. तिने आइस्क्रीमच्या डब्यात माती भरून दिली आणि एवढंच म्हणाली, "डबा तेवढा परत पाठवा."

आजारपणात तिला घोर होता तो या वाफ्याचाच. तो मोकळा ठेवू नकोस, असं मीनाला पुन्हा पुन्हा सांगायची. मुळं नसली की जिवाणू उपाशी राहतात. सगळे मरणार नाहीत, पण एकेक वाण नाहीसा होत जाईल. मीनाने हो म्हटलं होतं. ताई गेली, प्रयोगशाळेत तिचं काम पुढे नेणारं कोणी उरलं नाही, आणि तिच्या घरमालकाला मागच्या अंगणात फरशी घालायची होती. भला माणूस, यल्ला, चला, हवं ते न्या, म्हणाला.

आम्ही वाफा उकरून बादल्यांत भरला. माझ्या चपलेला वाळूचा कण दिसला तरी गाडीत बसू न देणारी मीना सनदला आमच्या घरापर्यंत एक बादली मांडीवर घेऊन बसली. ओढणी चिखलाने माखली, तरी बादली खाली ठेवली नाही. घरी कुंड्या भरल्या, मेथी पेरली. माझा हात असा, की प्लॅस्टिकची तुळसही सुकावी. म्हणून मला फक्त पाणी घालायची परवानगी होती, तीही मीनाच्या देखरेखीखाली. आधी काहीच वर येईना. मीना रोज सकाळी चहाच्या आधी गॅलरीत जायची आणि परत येऊन चहा टाकायची... मग एका सकाळी ती परत आलीच नाही. जाऊन पाहिलं तर ओळीने कोंब उभे, आणि ही जमिनीवर बसलेली.

मेथी वीतभर झाल्यावर मीच म्हटलं, भाजी करू या. उपटायला वाकलो तर मीनाने माझा हात धरला आणि कात्री पुढे केली.

"पाला घ्या," ती म्हणाली. "मुळं ताईची आहेत."