साचेवाल्या पोरींचा एनॉक क्लेग

थॉर्नक्लफ गावात एनॉक क्लेगला डोक्यानं चेंडू मारताना कोणी कधी पाहिलं नाही. उंची बेताची, शिवाय वर बघितलं की गिरणीच्या धुरांड्याची काजळी डोळ्यांत जाते, असं तो सांगायचा. पण जमिनीवरून येणारा चेंडू त्याच्या पायाशी आला की मुकाट थांबायचा. हे कसब त्यानं बाराव्या वर्षीच कमावलं होतं. तेव्हा तो सकाळी गिरणीत तुटलेली सुतं जोडायचा आणि दुपारी शाळेत जाऊन झोपायचा. मधल्या वेळात लाकडी तळव्याच्या बुटांनी मागच्या भिंतीवर चिंध्यांचा चेंडू मारत राहायचा.

१९०३ साली गावच्या क्लबानं त्याला घेतलं. क्लब दुसऱ्या श्रेणीतला, मैदान उताराचं. एनॉक मधल्या फळीत, उजव्या बाजूचा हाफ म्हणून दहा वर्षं खेळला. सामने अडीचशेच्या आसपास, गोल चार. पाचवा त्यानं स्वतःच्याच जाळ्यात मारला होता आणि तोच सगळ्यांत देखणा होता, असं त्याची बायको हेटी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

सरावाबद्दल मात्र एनॉकचं क्लबाशी कधी पटलं नाही. मंगळवार ते शुक्रवार मैदानाला फेऱ्या मारायच्या, दोरीवरच्या उड्या मारायच्या, गरम पाण्याच्या टबात बसायचं. चेंडू कपाटात, कपाटाला कुलूप. आठवडाभर चेंडू दिसला नाही म्हणजे शनिवारी खेळाडूला त्याची भूक लागते, असा तेव्हा बहुतेक क्लबांचा ठाम समज होता. एनॉक फेऱ्या मारायचा आणि घरी जाऊन परसात हेटीच्या कपड्यांच्या दोरीखालून चेंडू खेळवायचा. दोन चादरी फाटल्यावर हेटीनं त्याची रवानगी गल्लीत केली.

१९१३च्या फेब्रुवारीत त्याचा पाय चिखलात रुतला आणि समोरचा धिप्पाड गडी त्याच पायाच्या गुडघ्यावर आदळला. खेळणं संपलं. क्लबाचे अध्यक्ष ब्रेसवेलसाहेब गिरणीचेही मालक होते. त्यांनी एनॉकला कचेरीत बोलावून खुर्ची दिली.

"साहेब, मला सराव घेण्यासाठी ठेवा," एनॉक म्हणाला.

"सराव कसा घेशील?"

"प्रत्येकाला चेंडू देईन. रोज."

साहेबांनी तोंडातला पाइप काढला. "मग शनिवारी भूक कुठून आणशील?"

"साहेब, आठवडाभर उपाशी ठेवलेला माणूस शनिवारी पळत नाही, भोवळ येऊन पडतो."

साहेब पोटभर हसले. त्यांनी ते वाक्य पुढे महिनाभर क्लबात सगळ्यांना ऐकवलं. पण काम दिलं ते गिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांच्या विभागात, जॉबरचं. बिघडलेले साचे दुरुस्त करायचे आणि साचेवाल्यांच्या शिव्या खायच्या.

साचेखात्यात चारशे माग एकदम चालत. तिथं ओरडून बोललेलंही शेजारच्याला ऐकू येत नसे. त्यामुळे बायका नुसते ओठ हलवून बोलत. आवाज अजिबात नाही, पण वीस साच्यांपलीकडच्या बाईला कळायचं की आज कुणाच्या घरी काय शिजलंय आणि कुणाचं लग्न मोडलंय. एनॉकलाही ती भाषा लहानपणापासून येत होती. आपल्यामागे त्या आपल्याला काय म्हणतात, हे तो खिडकीच्या काचेत बघून वाचायचा.

युद्ध लागलं, पुरुष आघाडीवर गेले. लंगड्या गुडघ्याचा एनॉक मागे राहिला. १९१७च्या वसंतात एके दुपारी अंगणातून आलेला चेंडू कचेरीची काच फोडून आत पडला. मुकादमानं एनॉकला पाठवलं, "जा, त्या पोरींना झाडून काढ."

अंगणात दहाबारा साचेवाल्या उभ्या होत्या. पुढे फ्लॉरी टॅटरसॉल. एकोणीस वर्षांची, लाल केसांची, एकटी चार साचे सांभाळणारी.

"काच कुणी फोडली?" एनॉकनं विचारलं.

"मी," फ्लॉरी म्हणाली. "पगारातून कापा."

"काचेचं सोड. चेंडू बुटाच्या टोकानं का मारलास?"

"मग कशानं मारू? छत्रीनं?"

"इथनं." त्यानं बुटाच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं. "टोकानं मारला की चेंडू त्याच्या मनाला येईल तिकडं जातो. इथनं मारला की तुझ्या मनाला येईल तिकडं. पुन्हा मार. तिकडं नको, तिकडं अजून दोन काचा आहेत."

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला तरी कुणाला ऐकू गेला नाही. मुकादम स्वतः खाली आला तेव्हा जॉबर क्लेग कोट काढून, दुखरा पाय सावरत, फ्लॉरीला चेंडू थांबवायला शिकवत होता.

त्यातून संघ उभा राहिला. जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सामने खेळायचे म्हटल्यावर ब्रेसवेलसाहेबांनीही परवानगी दिली. हेटीनं गिरणीच्याच कापडातून पांढरे सदरे आणि काळ्या चड्ड्या शिवल्या. "पाद्र्याच्या बायकोनं गुडघे बघितले तर?" एका पोरीनं विचारलं. "बघू दे की," हेटी म्हणाली. "तिलाही आहेतच."

खरे चेंडू दोनच होते. एनॉकनं खात्यातला टाकाऊ सुताचा कचरा गोळा करून, घट्ट बांधून, चौदा चेंडू केले. दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अंगणात प्रत्येकीच्या पायाशी एक चेंडू. फेऱ्या नाहीत. "दिवसभर चार साच्यांमध्ये जेवढं चालता, तेवढं पुरे," तो म्हणायचा. सुताचा चेंडू उसळत नाही. त्यामुळे पोरींना जमिनीवरून, जवळच्या जवळ, तिघीचौघींत चेंडू फिरवण्याचीच सवय लागली.

१९२०च्या ईस्टरला गावच्या मैदानावर बंदरावरच्या एका इंजिन कारखान्याच्या बायकांशी सामना ठरला. त्या सगळ्या हाडापेरानं मजबूत, एकही सामना न हरलेल्या. बघायला नऊ हजार माणसं लोटली. पहिल्या वीस मिनिटांतच थॉर्नक्लफवर गोल झाला. गर्दीचा कालवा इतका, की कुणाला कुणाचं ऐकू येईना. बंदरावरच्या पोरी एकमेकींना ओरडून ओरडून थकल्या.

एनॉक कडेच्या बाकावर होता. मध्यंतरात त्यानं पोरींना चहा दिला आणि विचारलं, "खात्यात आहात असं समजा. बोलता कशा?"

फ्लॉरीच्या लक्षात आलं आणि ती हसायला लागली. बाकीच्यांनाही हसू फुटलं.

उत्तरार्धात मैदानावर मजेशीर प्रकार सुरू झाला. फ्लॉरी चेंडू थांबवायची, मान वळवायची, तिचे ओठ हलायचे. चाळीस पावलांवर कडेनं खेळणारी विंगची पोरगी धावत सुटायची आणि चेंडू तिच्या पुढ्यात येऊन पडायचा. बंदरावरच्या पोरींना काही समजेना. त्यांची कप्तान पंचाकडे गेली. "या काहीतरी चाळे करताहेत."

"कसले चाळे?"

"बोलत नाहीत, पण बोलतात."

पंच स्वतः शेजारच्या गावच्या गिरणीतला होता. तो म्हणाला, "त्या काय बोलतात ते मला कळतंय, बाई. तुमच्या डाव्या बॅकबद्दल बोलताहेत. ऐकलं नाहीत तेच बरं."

थॉर्नक्लफ तीन-एकनं जिंकलं. दोन गोल फ्लॉरीचे. ब्रेसवेलसाहेब शेवटपर्यंत उभे राहून बघत होते. जाताना एनॉकपाशी थांबले, टोपी उचलली आणि निघून गेले.

पुढच्या वर्षी डिसेंबरात लंडनच्या फुटबॉल मंडळानं ठरवलं, की हा खेळ बायकांना शोभत नाही आणि कोणत्याही क्लबानं त्यांना मैदान देऊ नये. फ्लॉरीनं वर्तमानपत्र एनॉकच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवलं. ती काही बोलली नाही, ओठांनीही नाही. एनॉकनं बातमी दोनदा वाचली. त्याला इतका राग आला, की हातातला पाना त्यानं चुकीच्या साच्याला लावला आणि चांगला चालणारा साचा बंद पाडला.

"मैदान क्लबाचं आहे," शेवटी तो म्हणाला. "कुरण नाही."

त्याचा मेहुणा टेकडीवर गाई पाळायचा. पुढच्या शनिवारी पोरींनी त्याच्या कुरणातून गाई हाकलल्या, शेण उचललं, मेंढ्यांच्या कुंपणाचे खांब गोलखांब म्हणून रोवले आणि खेळल्या. बघायला दीडशे माणसं टेकडी चढून आली. नऊ हजारांची सवय झालेल्या पोरींना ते फार लागलं. दोघीतिघी त्यानंतर आल्या नाहीत. बाकीच्या येत राहिल्या.

त्याच हिवाळ्यात पुरुषांचा क्लब श्रेणीच्या तळाला गेला. ब्रेसवेलसाहेबांनी एनॉकला पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं.

"क्लेग, सराव घेशील?"

"कपाटाची किल्ली माझ्याकडे पाहिजे."

"घे."

"आणि गुरुवारी संध्याकाळी मी नसेन. टेकडीवर काम असतं."

साहेबांना काम कसलं ते ठाऊक होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "गुरुवारी तू कुठं असतोस, हे मला कुणी विचारलेलं नाही," ते म्हणाले.

खेळाडूंनी पहिल्याच दिवशी नाकं मुरडली. कप्तान हॅरल्ड पिकप अंगानं आडवा आणि तोंडानं फाटका. "बायकांचा मास्तर आलाय," तो म्हणाला. "आता शिवणटिपणही शिकवेल."

एनॉकनं वाद घातला नाही. गुरुवारी सगळ्यांना टेकडीवर नेलं आणि पोरींशी पाच-पाच जणांचा डाव लावला. नियम एकच, चेंडू गुडघ्याच्या वर उडवायचा नाही. अर्ध्या तासात पुरुषांना तीनदाच चेंडू मिळाला. फ्लॉरीनं पिकपच्या दोन पायांमधून चेंडू काढला, तेव्हा तो वळायच्या नादात शेणात बसला.

"मिस्टर पिकप," फ्लॉरी म्हणाली, "उठा. ती जागा गाईची आहे."

पिकप उठला, हात चड्डीला पुसला आणि एनॉककडे आला. "हे पायांमधून काढायचं," तो हळूच म्हणाला, "मला येईल का?"

क्लब त्या साली श्रेणीतून खाली घसरला नाही. पुढच्या साली सहावा आला. विजेतेपद थॉर्नक्लफनं कधीच मिळवलं नाही, पण एनॉकनं चौदा वर्षं सराव घेतला आणि चेंडू जमिनीवरून खेळवणारा क्लब म्हणून गावाचं नाव झालं. गुरुवार त्यानं एकही चुकवला नाही. पुढे गुडघा चढाला नाही म्हणू लागला, तेव्हा मेहुण्याच्या दुधाच्या गाडीत बसून जायचा.

१९३६ साली तो निवृत्त झाला. वर्तमानपत्राचा माणूस घरी आला, हेटीनं त्याला भट्टीत भाजलेला बटाट्याचा पाई खायला घातला. तुम्ही घडवलेला सर्वांत चांगला खेळाडू कोण, असं त्यानं विचारलं. एनॉकनं विचार न करता सांगितलं, "टॅटरसॉल. दोन्ही पाय सारखे आणि नजर मानेच्या मागंही."

माणसानं तेवढंच छापलं. आठवडाभरात पाच पत्रं आली. हा टॅटरसॉल कोणत्या साली खेळत होता, यादीत कुठं सापडत नाही, असं लोक विचारत होते. एकानं तर आपण त्याला खेळताना पाहिलंय, भला उंच गडी होता, असं लिहिलं होतं.

फ्लॉरी तेव्हा अडतीस वर्षांची, दोन पोरांची आई, आणि साचे अजून चारच. एनॉकनं ती पत्रं तिला स्वयंपाकघरात वाचून दाखवली. उंच गड्यापाशी आल्यावर तिला ठसका लागला.

"काय उत्तर देऊ?" एनॉकनं विचारलं.

"लिहा, अजून खेळतो," डोळे पुसत फ्लॉरी म्हणाली. "दर गुरुवारी, टेकडीवर. येताना गमबूट घालून या म्हणावं."

एनॉकनं पाचही जणांना तसंच लिहिलं. त्यातले दोघं खरोखरच आले.