पूजेचं पाणी

हदगावच्या स्टँडवर मायनं माझ्या हातातली यादी काढून घेतली आणि उलटी धरून बघितली. तिला वाचता येत नव्हतं. "समदं घेतलंस?" तिनं विचारलं. घेतलं होतं: पत्र्याची पेटी, स्टोव्ह, दोन सतरंज्या, बदलीचा हुकूम, कारळाच्या चटणीचा डबा. यादीत एकच गोष्ट नव्हती, कारण ती गळ्यात होती. चांदीच्या डबीतलं लिंग. आमच्या लिंगायत घरात ते तान्हेपणीच बांधतात आणि माणसाबरोबर पुरतात; मधे काढायचं नसतं. गाडी सुटताना मायनं खिडकीतून हात घालून माझ्या गळ्यातला दोरा चाचपला. बाकीच्या यादीची तिला काळजी नव्हती.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीला टायपिस्ट हव्या होत्या आणि मी नांदेडच्या कचेरीतून बदली मागून घेतली. सगळ्यांना सांगितलं, तिकडं बढती लवकर मिळेल. खरं तर मला आमच्या घरातल्या घागरींपासून लांब जायचं होतं.

हे तुम्हा मागं राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. हदगावात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. लातूरला जाऊन बाटली, कुणीतरी भुलवली. भुलवलं कुणी नाही. झालं ते क्रमानं सांगते. क्रम लावता येतो मला. अर्थ मात्र अजून पुरता लागलेला नाही.

दुष्काळाच्या साली मी एकोणीस वर्षांची होते. विहीर आटलेली, टँकर एक दिवसाआड, तोही येईल तेव्हा खरा. घरात पाणी वाटायचं काम माझ्याकडं, कारण मी शिकलेली आणि कडक. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं असे: पिण्याचं, स्वयंपाकाचं, बैलांचं, पूजेचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन त्यावर पाणी घालत, आणि मगच भाकरीला हात लावत. पूजेआधी अन्न नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. तरी एका सकाळी मी भिंतीवरची शेवटची ओळ पुसली. टँकरचा तीन दिवस पत्ता नव्हता. अर्धी घागर पाणी होतं, ते मी बैलांसाठी राखलं होतं.

"अप्पा, पूजा सांजच्याला करा. आज तसंच जेवून घ्या."

"तसंच कसं जेवू, तहसीलदारीणबाई?" ते हसले. "टँकर येऊ दे, मग दोन्ही करतो."

आणि उपाशीच दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. दुपारी उन्हात कोसळले ते उठलेच नाहीत. त्यांना शेवटची अंघोळ घालायला शेजाऱ्यांनी पाणी दिलं. चार घागरी.

त्या अर्ध्या घागरीबद्दल मी कुणाशी बोलले नाही. पुढं सकाळचा घास माझ्या घशाखाली उतरेना. वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं. लातुरात दोन डॉक्टर झाले, एक्स-रे झाला. घशात काही नव्हतं. माझ्या घरमालकीण मार्थाबाई, निवृत्त नर्स, ख्रिस्ती. ताटाकडं बघून म्हणायच्या, "शिवकांता, तू जेवतेस का भाकरीची उलटतपासणी करतेस?"

उत्तम शुक्रवारी कचेरीला सुट्टी होती. येशूला क्रुसावर चढवलं तो हा दिवस. मार्थाबाई म्हणाल्या, चल देवळात; चर्चला त्या देऊळच म्हणत. नाही म्हणणं बरं दिसेना, शिवाय तिथं पंखे होते. पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, त्या मरणाऱ्या माणसाची सात शेवटची बोलणी एकेक करून सांगत होते. सवयीनं मी पिशवीतल्या कागदावर क्रमांक घालून उतरवत होते. पाचव्याला तो म्हणतो, तहान लागली. माझी पेन्सिल थांबली. मी कागदावरच वरच्या ओळीकडं बघितलं. पहिल्या क्रमांकावर मीच लिहिलेलं होतं: त्यांना माफ कर, म्हणून देवाला विनवतो. माफी पहिली आणि तहान पाचवी. तहानेल्याला पाणी न देणाऱ्यांची माफी त्यानं आधीच मागून ठेवली होती. असा उलटा क्रम मी कुठल्याच यादीत बघितला नव्हता.

मला रडू आवरेना. मार्थाबाईंनी घरी नेलं. मी सगळं सांगितलं. तुझी चूक नव्हती, असं त्या म्हणतील या भीतीनं मी दारापाशीच उभी होते.

"चूक झाली, आणि तुझ्याच हातून झाली," त्या म्हणाल्या. "पण दहा वर्षं एकटीनं उचलायला कुणी सांगितली होती? बस खाली."

मी तांब्याभर पाणी प्याले, न मोजता. दुसऱ्या सकाळी भाकरी खाल्ली. अख्खी.

मग दर रविवारी जाऊ लागले. एक दिवस बाप्तिस्म्याचा विषय निघाला. पाळक म्हणाले, "घाई नाही. पण ताई, गळ्यात ते आणि मनात हे, असं दोन्ही नाही चालायचं." मी कागदावर दोन रकाने आखले. दोन्ही कोरे राहिले. शेवटी ठरवलं, आधी मायला सांगायचं. घागरीपासून.

हदगावला गेले तेव्हा माय सुपात तूर निवडत होती. मी सांगत गेले, तिचा हात चालूच राहिला.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्या दिशी झाकण काढून मी बी बघितलं व्हतं. म्हणलं, बैल बी जगले पायजेत. तुला काय बोलू? मग सोताला बी बोलावं लागलं असतं."

"मग तू कुणाला सांगितलंस?"

"रोज ह्यालाच सांगून राहिले की." तिनं आपल्या गळ्यातली डबी दाखवली.

मग मी लातूरचं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. "त्या लोकांत जाळतात का पुरतात?"

"पुरतात."

"मग हाय ठीक." तिनं हात पुढं केला. "दे इकडं. तुझ्या पेटीबिटीत पडलेलं मला न्हाई चालायचं."

दोरा मीच काढला. गाठ सुटेना, मायनं दातानं सोडवली.

आता लातुरात माझ्या दोन खोल्या आहेत. रविवारी देवळात कुणी काय करायचं त्याची यादी माझ्याकडं असते. सकाळी मी जेवते, एवढं पक्कं. बाकी काही पक्कं नाही. एकानं दुसऱ्याचं लिंग पुजायची आमच्यात रीत नाही, तरी माय रोज तळहातावर दोन घेते. ज्यानं मला बरं केलं त्याला हे चालतं का, पाळकांना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. अप्पांना काय वाटत असेल, तेही कळत नाही. घर लातूरचं म्हणावं तर दिवाळीला पाय हदगावच्या गाडीकडं वळतात. हदगावचं म्हणावं तर तिसऱ्या दिवशी रविवारची ओढ लागते.

गेले की मी उंबऱ्याशी बसते. माय पूजा करते, पाणी दोन्हींवर भरपूर घालते, ओघळून जमिनीवर सांडतं तरी थांबत नाही. मग तांब्यात उरलेलं माझ्यापुढं सरकवते.

"पी. मग जेवू."

ते तीर्थ की नुसतं पाणी, ती सांगत नाही, मी विचारत नाही. मी पिते. तोवर ती भाकरीला हात लावत नाही.