मुद्दाम बिघडवायचं

टाकीवाल्या बाईंच्या हातून कधी दूध उतू गेलं नव्हतं. रंगाच्या कारखान्यातलं आम्लाचं सांडपाणीही त्याच सांभाळत. टाकीत आम्ल मारणारं कॉस्टिकचं द्रावण सोडायचं, मापकाचा काटा सातावर आला, म्हणजे आम्ल पुरतं मेलं, की पाणी बाहेर. पण काटा लबाड. आधी ढिम्म हलायचा नाही, आणि सातच्या जवळ पोचला की चमचाभरानेही उडी मारायचा.

आता हे काम कॉम्प्युटर करणार होता. तो बसवायला आली होती त्यांचीच सून. आजची चाचणी जमली तर तिची नोकरी कायम, नाहीतर घरी.

"आई, सकाळभर तुम्ही मुद्दाम बिघडवायचं," ती म्हणाली. "मागच्या आकड्यांवरून हा पुढचं ओळखतो. पण तुमच्या आकड्यांत सगळं सुरळीत. बिघडलेलं यानं पाहिलंच नाहीये."

"म्हणजे सासू नीट वागली तरी पंचाईतच."

पाणी बाहेर सोडणारी झडप बंद होती, तरी काटा वरखाली नाचवताना बाईंना घाम फुटला.

दुपारी कारखान्याचे साहेब चाचणी बघायला आले. "कुणीही हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं.

आम्लाचा लोंढा टाकीत शिरला. काटा घसरला. कॉम्प्युटरने द्रावण सोडलं, आणि बाईंनी केलं असतं त्याच्या कितीतरी आधी बंद केलं. काटा खालीच. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. बाईंचा हात आपसूक द्रावणाच्या हातझडपेवर गेला, जरासा फिरला.

काटा सात ओलांडून थेट दहावर गेला.

"नाही जमलं," साहेब म्हणाले.

सून पांढरीफटक पडली. कुठे चुकलं म्हणून आकडे चाळू लागली. बाई बघत होत्या. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं.

"त्याचं नाही चुकलं, साहेब. मी झडप फिरवली."

साहेबांनी दाराकडे बोट केलं. "तुम्ही तिथे उभ्या राहा." मग ते सुनेकडे वळले. "पुन्हा करा."

पुन्हा लोंढा, पुन्हा द्रावण तितक्याच लवकर बंद. काटा खाली रेंगाळला. बाईंनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. सुनेची मान ताठ. मग आधीच पडलेलं द्रावण हळूहळू टाकीभर मिसळलं, काटा चढला, सातापाशी थरथरला आणि थांबला.

"उद्यापासून कायम," साहेब सुनेला म्हणाले आणि निघून गेले.

सून वायरी गुंडाळत राहिली. वर पाहिलं नाही.

"आई, घरी बोलू आपण."

"बोल. पण जेवण झाल्यावर."